चकतीवरचा शेंदूर

धुळ्यात पांझरेच्या काठाने सकाळी फिरायला निघालं की एक छोटं मारुतीचं देऊळ लागतं. शनिवारी तिथे मूर्तीला नवा शेंदूर चढतो. पुजारी पितळी वाटीत शेंदूर घेतो, त्यात तेलाची धार सोडतो आणि बोटाने सावकाश कालवतो. कोरड्या शेंदराला म्हणावा असा वास नसतो. तेल पडलं की मात्र एक जड, थोडा कडवट वास उठतो आणि देवळाच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत येतो. हा वास तुमच्याही ओळखीचा असेल. आवडतो की नाही असा प्रश्न आपण त्याच्याबद्दल कधी केलेला नसतो. तो आहे, एवढंच. गेल्या काही वर्षांत मात्र हा वास आला की मी थबकतो. माझा उजवा पाय, मी रस्त्यावर चालत असूनही, मोटारीचा ब्रेक शोधल्यासारखा पुढे होतो. शेजारून चालणाऱ्याला ठेच लागली असं वाटतं. ठेच लागलेली नसते. एक उतार आठवलेला असतो.

माझे थोरले साडू वरणगावला कारखान्यात फिटर होते. नात्यातले, शेजारचे, कारखान्यातले, सगळेच त्यांना नाना म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा दिवस अजून भोंग्याप्रमाणे चाले. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी एक लाकडी ठिय्या घातला होता, त्याला वस्तू घट्ट धरणारा शेगडा जोडला होता, आणि भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवून प्रत्येक पाना आपल्या आकृतीत टांगला होता. गल्लीतले कुकर, शिलाई मशिन, पाण्याच्या मोटारी तिथे येत आणि चालू होऊन जात. नानांचा यंत्रांविषयीचा विश्वास साधा होता. यंत्र खोटं बोलत नाही. ते बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडल्याशिवाय ते पुन्हा सुरू करायचं नसतं. उघडं पोलाद रात्रभर कोरडं ठेवायचं नाही, हाही त्यांचा एक नियम. कामावरून निघताना शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा. आयुष्यभर त्यांनी तो फिरवला आणि त्यांच्या हाताखालच्या यंत्राला कधी गंज चढला नाही.

त्यांना एकच मुलगी. ती वनरक्षक झाली आणि तिची नेमणूक चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, काही दिवस रडल्या. नानांनी फक्त विचारलं, फिरायला वाहन कोणतं? मुलीने सांगितलं ते मला पटलं होतं. मोटारसायकलचा आवाज माणसाच्या आधी दोन टेकड्या ओलांडून जातो आणि साग तोडणारा कुऱ्हाड घेऊन पसार होतो. पायी निघालं तर हद्द पुरी होत नाही. तिला डोंगरात चालेल अशी सायकल हवी होती. नाना म्हणाले, "एकदाच घेऊ. मग तीच जपू, तीच वाढवू."

ती सायकल निवडायला आम्ही जळगावला गेलो तो दिवस आजही जसाच्या तसा दिसतो. दुकान एका जैन शेठचं. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे काळ्या घोडा-सायकली विकायला सुरुवात केली होती; आता काचेच्या आत जाड टायरच्या, झगझगीत रंगांच्या सायकली टांगलेल्या. नानांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि एकेका फ्रेमला लावून पाहायला लागले. शेठ हसू दाबत होते.

"चिकटत नाही हे," नाना म्हणाले.

"ॲल्युमिनियम आहे नाना, हलकी आहे."

"हलकी तं हलकी. तडकली तं चोपड्यात कोण जोडीन? मले गाडी दाखवा शेठ, रंग नका दाखवू."

मग दोन्ही चाकांना धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा असलेली, दुकानातली सगळ्यात देखणी सायकल त्यांनी एकदा दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "जेवढे सांधे तेवढे आजार," असं म्हणून ते पुढे गेले. दुपार कलली. मुलगी कंटाळून म्हणाली, "नाना, गाडी घेऊ राह्यले की सून पाहू राह्यले?"

"सुनेचे सुटे भाग बाजारात भेटत नाही, तिले पसंत करणं सोपं आहे," नाना मान वर न करता म्हणाले. "गाडीचे भेटले पाहिजे."

शेवटी त्यांनी निवडली ती पोलादी फ्रेमची, मातकट राखाडी रंगाची, कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक सायकल. शेठना वाईट वाटलं. "नाना, हिला शो नाही. कोणी हात लावत नाही हिला." नानांना तिचा प्रत्येक आटा, प्रत्येक माप ओळखीचं वाटलं होतं. नळ्या सरळ, जोड जाड, पॅडलचा आस आट्यात बसवलेला, कुठेही मिळेल असा. सायकलला रबरी ब्रेक होते. पण मागच्या नळीवर आणि पुढच्या फोर्कवर दोन भोकांचे छोटे कान ठेवलेले त्यांना दिसले. हे कशाला, असं त्यांनी विचारलं. पुढे कधी डिस्क ब्रेक बसवायचे झाले तर त्यासाठी जागा ठेवली आहे, असं शेठनी सांगितलं. नाना पहिल्यांदा खुलले. "म्हंजे आज जे नाही त्याच्यासाठी जागा ठेवली. ह्याले म्हणतात गाडी." आपण घर घेताना, जोडीदार निवडताना एवढा विचार करतो की नाही, असं त्या वेळी माझ्या मनात येऊन गेलं होतं. फ्रेम टिकाऊ हवी आणि तिच्यात उद्यासाठी जागा हवी; बाकी सगळं बदलता येतं. नानांची निवड बिनचूक होती. पुढे जे झालं त्यात त्या सायकलीचा दोष तेव्हाही नव्हता आणि नंतरही सापडला नाही.

दर दसऱ्याला एक सुधारणा, असा परिपाठ पडला. मुलगी नवरात्रात सायकल वरणगावला पाठवायची. चोपड्यात केळी उतरवून रिकामी परतणारी एखादी पिकअप ती आणून टाकायची. नाना तिचा खिळा न खिळा सुटा करायचे, रॉकेलात धुवायचे आणि नवा भाग बसवायचे. एका वर्षी खडकाळ रस्त्याचे टायर आले. एका वर्षी गिअर. मग चाकं बदलली, त्यांच्या मधले तुंबे डिस्क घेतील असे. आणि खंडेनवमीला ती सायकल अंगणात उभी करून तिची पूजा. कारखान्यात या दिवशी यंत्रं थांबत. कामगार त्यांना पुसून लख्ख करत, तेलाचा हात देत, झेंडूची माळ घालत आणि तेलात कालवलेल्या शेंदराची बोटं उठवत. वर्षभर ज्या यंत्राने हात शाबूत ठेवला त्याचे आभार मानण्याची ती रीत. निवृत्तीनंतर नानांकडे पूजायला मोठं यंत्र उरलं नव्हतं. एक सायकल होती.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतो आहे, त्या वर्षी शेठच्या दुकानातून डिस्क ब्रेक आले. तेलाच्या दाबाने चालणारे. नळीत तेल असतं आणि बोटाच्या जोराने ते चिमटा दाबतं, हे नानांना फार आवडलं होतं. कारखान्यातले मोठे प्रेस याच तत्त्वावर चालत. तुंब्याला जोडलेली भोकाभोकांची चकती चाकाबरोबर फिरते, चिमट्यातले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि सायकल थांबते. नानांनी चाक अधांतरी धरून जोरात फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी मला दोनदा करून दाखवलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी आणि पत्नी वरणगावला होतो. अंगणात सडा पडला होता. नानांनी सायकल पाटावर उभी केली, फडकं तेलात बुडवून पिळलं आणि सगळ्या उघड्या पोलादावरून फिरवलं. चकत्या नव्या, आरशासारख्या. त्यांच्यावरून त्यांनी फडकं दोन्ही बाजूंनी, काळजीपूर्वक फिरवलं. मग शेंदूर. फ्रेमला बोटं उठली, हँडलला उठली, आणि चकतीवर गोलाकार पाच ठिपके. अक्का म्हणाल्या, "देवाचं चक्रच दिसू राह्यलं." खरंच तसं दिसत होतं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. मुलगी संध्याकाळच्या बसने आली, सायकलीभोवती एक फेरी मारून हसली आणि नारळाचा तुकडा तोंडात टाकून आत गेली.

दसऱ्याच्या दिवशी तिला हद्दीवर हजर व्हायचं होतं. डोंगरावरच्या चौकीत हजेरी, आणि तिथून हद्द पाहत पायथ्याच्या गावी उतरायचं. मी माझ्या मोटारीतून तिला सोडायला निघालो. सायकल मागे बांधलेली, नाना माझ्या शेजारी. नवे ब्रेक डोंगरात कसे धरतात ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. चौकीवर आपट्याची पानं दिली-घेतली. मग तिने हेल्मेट चढवलं, मागे वळून हात केला आणि उतार धरला. आम्ही मोटारीतून थोडं अंतर ठेवून मागे. पावसाळा नुकताच सरला होता. गवत पुरुषभर उंच, त्यावर पिवळी झाक यायला लागलेली. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगराची कड, दुसऱ्या बाजूला खोल उतरत गेलेलं सागाचं रान.

"पाह्य भाऊ, कशी चालली. सरळ, घोड्यासारखी," नाना म्हणाले.

पहिलं वळण तिने फार बाहेरून घेतलं. नाना काचेकडे वाकले. पुढच्या सरळ उतारावर आमच्यातलं अंतर वाढलं. मोटारीचा वेग वाढवावा की नाही हे मला कळेना. तिने दोन्ही पाय पॅडलवरून काढले आणि बुटांचे तळवे रस्त्यावर टेकवले. धूळ उडाली.

"दाबत काबरं नाही ही?" नाना हळू म्हणाले. मग काचेवर हात आपटून ओरडले, "दाब! दाब ना माय!"

ती दाबत होती. पुढे कळलं, बोटं दुखेपर्यंत दाबत होती. पुढचं वळण दरीच्या बाजूला उघडं होतं. तिने हँडल डोंगराकडे वळवलं, ठरवून, आणि सायकलसकट कडेच्या घाणेरीच्या जाळीत घुसली. आवाज फार मोठा झाला नाही. मी मोटार थांबवली. नाना उतरताना दाराला धडकून पडले आणि हातापायांवर तसेच पुढे गेले.

वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्यभर मी अपघाताच्या बातम्या तपासल्या. कुठे, किती वाजता, कोण, कशामुळे, या क्रमाने. त्या जागी उभा असताना त्यातलं एकही मला सुचलं नाही. मी फक्त तिच्या बुटाकडे पाहत होतो. तळवा घासून आतलं कापड दिसत होतं.

खालून ट्रॅक्टर घेऊन येणारे एक आबा थांबले. ते चोपड्याकडचे, अहिराणी बोलणारे शेतकरी. त्यांनी पागोटं सोडलं, तिचा हात छातीशी धरून त्याने बांधला. "हालू नको पोरी, हाड मोडेल शे. बठ्ठा बाजूला सरका," म्हणत त्यांनी आम्हाला मागे सारलं. नाना सायकलकडे पाहून काहीतरी पुटपुटत होते. आबांनी त्यांना दरडावलं, "गाडीनं काय, माणूस वाचनं ना!"

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. हेल्मेटला उभी चीर होती. डोक्याला काही नव्हतं. चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला, पट्टा बांधला आणि जळगावला न्यायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर बसून नानांनी शेठना फोन लावला. नाना मोठ्याने बोलणारे नव्हते. त्या दिवशी रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत होते. तुम्ही खराब माल दिला, माह्या पोरीचा जीव घेतला असता, दुकानाला कुलूप लावा. पलीकडून शेठ काय म्हणाले ते कळलं नाही. फोन ठेवून नाना मला म्हणाले, "गाडी घरी न्या. तिले गॅस कटरनं कापतो. दुसऱ्याच्या हाती पडायला नको."

आत मुलीने डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, "काका, सायकल तुमच्याकडे धुळ्याला न्या. नानांच्या हाती लागू देऊ नका."

"ते कापायचं म्हणतात."

"त्याच्यासाठी नाही. ते उघडून पाहतील." मग थांबून, "जळक्या तेलाचा वास येत होता मला, उतारावर. जाळीत पडले तेव्हा चाक तोंडाजवळ होतं. चिमट्यातून शेंदूर बाहेर आला होता. लाल चिखल झाला होता त्याचा."

मला कळायला थोडा वेळ लागला. चकतीला तेल लागलं की पॅड ते पिऊन घेतात आणि मग दाबलं तरी धरत नाहीत. सायकल वापरणाऱ्यांना हे माहीत असतं. तिलाही माहीत होतं. "मी काल पाहिले होते ना काका ते ठिपके," ती म्हणाली. "मला छान वाटलं." त्यानंतर ती रडली, आणि हाड दुखतं म्हणून रडणंही तिला पुरतं करता येईना.

त्या बाजेशेजारी उभं राहून मला जो धक्का बसला तो घाटातल्या धक्क्याहून मोठा होता. घाटात निदान मृत्यू मृत्यूसारखा दिसत होता. अंगणात तो पाटावर उभा होता, झेंडूची माळ घालून, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला नमस्कार केला होता. ज्या माणसाने मुलीसाठी सगळ्या जळगावातली सगळ्यात भरवशाची सायकल शोधली, त्याच्याच हाताने, त्याच्याच मायेने तिचे ब्रेक काढून घेतले होते. तिला भीती होती ती एवढीच की हे नानांना कळलं तर ते पुन्हा पाना हातात घेणार नाहीत. आणि पाना नसलेले नाना कसे असतील याची कल्पना आम्हा दोघांनाही करवत नव्हती. पण न सांगावं तर ती सायकल कापली जाणार, शेठ विनाकारण दोषी ठरणार, आणि पुढच्या खंडेनवमीला तेलाची वाटी पुन्हा भरली जाणार.

मी सायकल धुळ्याला आणली आणि गॅलरीत ठेवली. वर्तमानपत्रात आम्ही 'ब्रेक निकामी झाल्याने' असं लिहीत असू. ते वाक्य मी किती जणांच्या बातमीत घातलं असेल. त्या वाक्यात कोणाचाच हात नसतो, म्हणूनच ते सोयीचं असतं. सकाळी चहा घेताना ती सायकल समोर दिसायची आणि ते वाक्य मला वाचता येईनासं व्हायचं.

थोड्या दिवसांनी दारात नाना उभे राहिले. खांद्याला हत्यारांची पिशवी. वरणगावहून बसने आले होते. मी काही बोलण्याआधी म्हणाले, "कापायची तं कापू. पण कारण सापडल्याबिगर नाही. मले झोप नाही भाऊ." मी त्यांना चहा दिला, हवापाण्याचं बोललो. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि गॅलरीत जाऊन मांडी घातली.

चिमटा उघडायला त्यांना क्षणही लागला नाही. पॅड तळहातावर घेतले, नखाने खरवडले, उजेडाकडे धरले. ते काळे, काचेसारखे चकचकीत झाले होते. मग त्यांनी ते नाकाजवळ नेले. चकतीच्या भोकांत लालसर राळ अडकली होती. एका भोकात त्यांनी काडी घातली आणि काडीचं टोक पाहत राहिले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो पुढच्या गल्लीत गेला तरी नाना हलले नव्हते.

"हे तेल आहे," ते म्हणाले. आणि काडी खाली ठेवून, "माह्यं तेल आहे."

कारखान्यात साध्या यंत्राच्या ब्रेकच्या पट्ट्याला तेलाचा थेंब लागला तर हाताखालच्या माणसाला फैलावर घेणारे ते गृहस्थ होते. ब्रेकला तेल चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांनी आपले हात पुढे करून पाहिले, उलटे-सुलटे, दुसऱ्याचे असावेत तसे.

"तिले माहीत आहे?"

"हो."

"कव्हापासून?"

"पडली तेव्हापासून."

यावर त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना. हाड मोडून ती जाळीत पडली होती, सगळं समजून होती, आणि बाप दुकानदाराला शिव्या देत होता ते ऐकूनही गप्प राहिली होती. मी पाणी आणलं. ते त्यांनी आधी तेलकट बोटांवर ओतलं.

मग ते उठले. "चला. पहिले जळगाव."

सायकल मोटारीमागे बांधून आम्ही धुळ्याहून निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. शेठच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. नाना सरळ गल्ल्यासमोर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शेठ, तुमचा माल चांगला होता. मीच त्याले तेल लावलं. पूजेचं. त्या दिवशीचं माह्यं बोलणं मागं घेतो."

शेठ उठून उभे राहिले होते. बहुधा पुन्हा भांडण होईल असं वाटून. ते ऐकत गेले तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. ते नानांकडे पाहत नव्हते. त्यांच्या मागे रांगेने उभ्या असलेल्या नव्या सायकलींकडे पाहत होते. मीही पाहिलं. दुकानाची दसऱ्याची पूजा झालेली. प्रत्येक सायकलच्या हँडलवर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक होतं, आणि ज्यांना डिस्क होती त्यांच्या चकतीवर, अगदी नेमका, एकेक टिळा.

"रोज सांगतो मी गिऱ्हाईकाला," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "चकतीला तेलाचा हात लावू नका. रोज सांगतो नाना. पूजेचं तेल, तेल वाटलंच नाही कधी."

त्यांनी शटर अर्धं ओढलं. दसऱ्यानंतर विकलेल्या सायकलींच्या मालकांना नोकर एकामागून एक फोन लावायला लागले. नाना आणि शेठ, दोघेही सत्तरीकडे झुकलेले, फरशीवर बसून स्पिरीटच्या बोळ्याने एकेक चकती पुसत राहिले. एक बोळा लाल झाला की दुसरा. आम्ही हे एका घरातलं दुर्दैव समजत होतो.

वरणगावला पोहोचलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसली होती, हात गळ्यात. तिने मोटारीमागे बांधलेली सायकल पाहिली, नानांचा चेहरा पाहिला, आणि तिला समजलं. नाना पायरीवर बसले. माफी हा शब्द आमच्याकडे बाप-लेकीत कोणी उच्चारत नाही. ते म्हणाले, "पॅड बदलावे लागतीन. चकती पुसली तं चालते. जळगावचा एक मिस्तरी आहे, शेठच्या ओळखीचा. त्याच्या हातून बसवून घेऊ."

"कायले?" ती म्हणाली.

"माह्या हातचं नको आता."

तिने गळ्यातला पट्टा सरळ केला. मग म्हणाली, "मी पाहिलं होतं नाना ते. आल्या आल्या. मले बी नाही समजलं. मग मी बी गाडीवर बसायचं सोडू का?" आणि जरा चिडून, "दुसऱ्या कोणी बसवलेल्या ब्रेकवर मी घाट उतरणार नाही. तुम्हाले बसवायचे तं बसवा, नाही तं कापा तिले."

नानांनी बसवले. तिचं हाड जुळेपर्यंत दोन वेळा उघडून पुन्हा बसवले. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. गावाबाहेर कालव्याच्या भरावावरून एक रस्ता खाली उतरतो. ती सायकल घेऊन वर गेली. मी आणि अक्का कडेला उभे होतो. नाना चालत उताराच्या तळाशी गेले आणि रस्त्याच्या मधोमध, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"नाना, बाजूला व्हा!" ती वरून ओरडली.

ते हलले नाहीत. कारखान्यात दुरुस्त केलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू होताना ज्याने दुरुस्त केलं त्याने समोर उभं राहायचं असतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी आम्हाला काही माहीत नव्हतं. अक्कांनी पदर तोंडात धरला. "बाप येडा, लेक येडी," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. मुलगी कितीतरी वेळ वर तशीच उभी होती. मग तिने पॅडलवर पाय ठेवला.

ती हळू आली नाही. हळू आली असती तर त्याला अर्थ नव्हता, हे तिलाही कळत असावं. अर्ध्या उतारावर वारा तिचा शर्ट फुगवत होता. मग तिने ब्रेक दाबले. मागचं चाक किंचित उचललं, पुन्हा टेकलं, आणि सायकल थांबली. पुढचा टायर आणि नानांचा गुडघा यांच्यात हातभर अंतर असेल. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. नाना खाली वाकले, चकतीला हात लावायला गेले, आणि बोट चकतीपासून थोडं अलीकडे थांबवून मागे घेतलं.

मुलगी आता बदलून यावलच्या रानात गेली आहे. सायकल तिच्याबरोबर आहे. तिच्यावर नवे भाग चढतात, जुने उतरतात. नाना थकलेत, पण बसवतात तेच. मागे भेटली तेव्हा तिने सहज सांगितलं की डोंगरात पहिला उतार लागला की ती अजूनही एकदा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवते. गरज नसते. समोर कोणी नसतं. ती थांबते, रान ऐकते आणि मग पुढे जाते. वर्षं गेली म्हणून धक्का जात नाही, हे मी तिच्याकडे पाहून समजलो. तो शरीरात कुठेतरी आपली जागा करतो आणि हळूहळू हाताची एक सवय होऊन राहतो. तिची बोटं जेव्हा तो ब्रेक दाबतात तेव्हा त्यात भीती किती आणि भरवसा किती, हे तिलाही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. गाडी थांबते, एवढं तिने सांगितलं.